हळदीकडचा गोल

ग्राउंडवर फक्की मारायचं काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. रेषा तो जमिनीवर आखतो, पण संध्याकाळी घरी जाताना अर्धी फक्की त्याच्याच अंगावर असते. किस्स्यांचं माझ्याबाबतीत तसंच झालं. मी कधी गोळा करायला गेलो नाही. ते येऊन बसत गेले. आता झटकून टाकावे म्हटलं तरी निघत नाहीत.

मी वसमत भागातल्या एका कॉलेजात शिपाई होतो. शिक्षण चौथीपर्यंत. रिटायर होऊन बरेच दिवस झाले, पण फुटबॉलच्या ग्राउंडवर रेषा आखायला अजून जातो. घरी बसून हात आखडतात. पोरं मला मामा म्हणतात. प्राचार्यसुद्धा मामाच म्हणतात.

आमची फुटबॉल टीम एकेकाळी लई भारी होती. विद्यापीठाचा कप आमच्याकडं यायचा. तो कप अजून प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे. त्यात पेनं ठेवतात!

शेवटचा कप आला तेव्हा कॅप्टन होता वाघमारे. काळासावळा, काडीसारखा पोरगा, पण बॉल पायाला चिकटलेला. आज तोच आमचा क्रीडाशिक्षक आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी ठेवलं तर ठेवलं. आणि गेल्या काही वर्षांत आमच्या टीमनं एकही मॅच जिंकलेली नाही.

यंदा प्राचार्यांनी सरळ सांगून टाकलं, "वाघमारे, या स्पर्धेत एक मॅच जिंका. नाहीतर टीम बंद. आणि टीमच नसली तर क्रीडाशिक्षक कशाला?"

वाघमारे सर बाहेर आले. मला म्हणाले, "मामा, नोकरीचं जाऊ द्या. दुसरीकडं बघीन. पण मी खेळलो ती टीम माझ्या हातानं बंद करू का?"

मी त्यांना पाणी आणून दिलं. मला पटकन बोलता येत नाही.

*

संस्थेचे अध्यक्ष उत्साही माणूस. त्यांनी मीटिंगच बोलावली. विषय एकच, "टीमला काय पाहिजे?"

एक प्राध्यापक म्हणाले, "डाएट पाहिजे."

दुसरे म्हणाले, "किलर इन्स्टिंक्ट!"

तिसरे म्हणाले, "पुण्याहून कोच आणा." चौथ्यांनी सगळ्यांचं बरोबर आहे म्हणून बिस्किट उचललं.

वाघमारे सर हळूच म्हणाले, "साहेब, पूर्ण ग्राउंड पाहिजे. एका बाजूला हळद वाळत पडलेली असती."

अध्यक्ष म्हणाले, "आधी जिंकून दाखवा, मग हळद हटवू!"

मी चहाचे कप घेऊन उभा होतो. अध्यक्षांनी एकदम मला विचारलं, "मामा, तुम्ही टीम जिंकताना पाहिली आहे. तुम्ही सांगा, काय पाहिजे?"

एवढ्या मोठ्या माणसानं विचारलं तर विचार करून सांगावं म्हणून मी विचार करत राहिलो. मी तोंड उघडलं तेव्हा मीटिंग संपली होती आणि माझ्यासमोर फक्त उष्टे कप होते!

मला सांगायचं होतं, "बॉल." टीमकडं एकच बॉल राहिला होता.

*

बाकीचे बॉल कुठं गेले? गयाबाईकडं.

कॉलेजला ही जमीन ज्या म्हाताऱ्या मंडळींनी दिली, त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हळदीच्या दिवसांत एका बाजूला गावाची हळद वाळेल. त्यामुळं माघ-फाल्गुनात शिजवलेली हळद ग्राउंडच्या उगवतीच्या बाजूला पसरलेली असते. पाच-सहा घरच्या शेतकऱ्यांची. ती राखायची, वरखाली करायची, जनावरं हाकलायची, हे गयाबाईचं काम. तिला शेत नाही. तिचा सगळा हंगाम त्या पट्ट्यावर.

तिचा नियम असा, की हळदीत आलेला बॉल परत मिळणार नाही. बॉल पडला की हळकुंडं तुडवत पोरं येतात, म्हणून नियम. वाघमारे सर पोरगा होते तेव्हापासूनचा.

यंदा नांदेडहून एक नवा पोरगा आला. हळद पसरली त्या पहिल्याच दिवशी त्यानं झक्कास उंच किक मारली. बॉल गेला हळदीत. पोरगा शहरातला, गोड बोलणारा. हात जोडून म्हणाला, "मावशी, प्लीज बॉल द्या ना. प्लीज!"

गयाबाईनं बॉल लुगड्यानं पुसला, बगलेत मारला आणि म्हणाली, "प्लीज म्हणल्यानं हळद वाळती का रे?"

*

आमचा गोलकीपर मारोती. औंढ्याकडच्या मेंढपाळाचं पोरगं. हात असे लांब, की उभ्या उभ्या गुडघा खाजवेल. घरी माणूस कमी. त्याचा बाप आजारी पडला तेव्हा एका दोस्तीच्या मॅचला तो मेंढरं घेऊनच आला.

सर म्हणाले, "मारोती, हे काय रे?"

"सर, घरी कोणीच न्हाई. गुणाची हायेत, एका जागी बसतेत."

बसली ना! बरोबर गोलच्या समोर बसली. समोरच्या टीमचा पोरगा बॉल घेऊन जोरात आला, आणि मेंढरं बघून जागीच थांबला. रेफ्री शिट्टी मारायची विसरला. शेवटी म्हणाला, "ही बाहेर काढा!"

मारोती काठीनं मेंढरं हाकलू लागला. आमचा कॅप्टन सलीम कंबरेवर हात ठेवून बघत होता.

"र्‍हाऊ दे रे मारोत्या," तो म्हणाला. "डिफेन्सला इतकी माणसं पहिल्यांदाच दिसून राहिलीत!"

*

किलर इन्स्टिंक्ट आणायला अध्यक्षांनी एक वक्ता बोलावला. कोट-टाय, कानाला माइक. पोरं सकाळी कुणी हळद काढायला, कुणी पोती उचलायला जाऊन आलेली. हॉलमध्ये फॅन सुरू होता.

वक्ते म्हणाले, "डोळे मिटा. शांत व्हा. आता तुमचं ध्येय डोळ्यांसमोर आणा."

पोरांनी डोळे मिटले. कुणाचं सांगणं त्यांनी कधी इतक्या मनापासून ऐकलं नव्हतं. हॉल एकदम शांत. वक्त्यांना वाटलं, काय ही एकाग्रता! ते बोलतच राहिले. मागच्या रांगेत कुणीतरी घोरू लागलं तेव्हा मी हळूच जाऊन त्याची मान सरळ केली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "उघडा डोळे! कॅप्टन, सांग, डोळ्यांसमोर काय दिसलं?"

सलीम जवळा बाजारचा, रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचा. तो दचकून उठला, खिडकीबाहेर बघितलं आणि रडवेला होऊन म्हणाला, "सर, बस गेलेली दिसली!"

त्या दिवशी वाघमारे सरांनी त्याला मोटरसायकलवर घरी सोडलं. मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मामा, रस्ताभर पोरगं सॉरी सॉरी म्हणत होतं. मी म्हणलं, तू झोपलास, पण डिफेन्समध्ये तरी जागा राहा बाबा."

*

मग अध्यक्षांच्या ओळखीचे एक वास्तुवाले आले. त्यांनी ग्राउंडच्या मधोमध होकायंत्र ठेवलं. वाघमारे सरांना विचारलं, "गोल उत्तर-दक्षिण का आहेत?"

"खेळणाऱ्यांच्या डोळ्यात ऊन येऊ नये म्हणून," सर म्हणाले.

"ऊन सहन होतं. दोष सहन होत नाही. पूर्व-पश्चिम करा!"

आमचं ग्राउंड जवळपास चौरस, त्यामुळं फिरवायला अडचण नव्हती. मी सगळ्या रेषा पुन्हा आखल्या. पोरांनी खांब उपटून नव्या जागी रोवले. काम झालं, घाम पुसला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. उगवतीचा गोल बरोबर हळदीच्या पुढं आला होता. जाळी फाटकी. मागं हळद. आणि हळदीत गयाबाई!

तिनं नव्या गोलकडं बघितलं, मग पोरांकडं बघितलं आणि म्हणाली, "या आता. बघतेच!"

आता टीमकडं बॉल एकच. उंच मारला की गेला. वाघमारे सर दोन वर्षं ओरडत होते, "बॉल खाली ठेवा रे, खालून खेळा!" कुणी ऐकलं नव्हतं. आता सगळी टीम जमिनीला चिकटून खेळू लागली. पास खालून, शॉट खालून, कोपऱ्यात. नांदेडचा पोरगासुद्धा किक मारायच्या आधी गयाबाईकडं एकदा बघून घ्यायचा.

फक्त मारोती नाराज. सरांकडं तक्रार घेऊन आला, "सर, मला उडी मारायची प्रॅक्टिस कशी भेटणार? वरून कोणीच मारून न्हाई राहिलं!"

*

स्पर्धा दरवर्षी दिवाळीच्या आसपास असते. यंदा परीक्षा, निवडणूक असं करत लांबली आणि ऐन हळदीत आली. पहिली मॅच आमच्याच ग्राउंडवर, शहरातल्या एका मोठ्या कॉलेजशी. त्यांची टीम स्वतःच्या बसमधून आली. बूट एका रंगाचे. त्यांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा एका रंगाच्या!

प्राचार्य सकाळीच गयाबाईकडं गेले. "आजचा दिवस हळद उचला."

"कच्ची हाय. ढीग केला तर वाफ धरून सडल. तुमी भरून देता का?"

प्राचार्य परत आले. हळद तिथंच राहिली.

मॅचचं जास्त सांगत नाही. त्यांनी आम्हाला श्वास घेऊ दिला नाही. पण सलीम त्या दिवशी पूर्ण जागा होता, आणि मारोतीनं छातीवर, पोटावर, एकदा तर तोंडावर बॉल अडवला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा दोन्हीकडं शून्य.

पेनल्टी किक मारायची ठरली. रेफ्रीनं नाणं उडवलं. गोल आला हळदीकडचा.

वाघमारे सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी त्यांचा हात धरून ठेवला. एवढंच मला पटकन जमतं.

आमच्या पोरांनी किक मारल्या त्या सगळ्या जमिनीवरून, कोपऱ्यात. रोज जशा मारायची तशाच. एकही चुकली नाही. त्यांच्याही जात होत्या. शेवटची किक त्यांची. मारणारा पोरगा उंच, धिप्पाड. त्याची किक अडली तर आम्ही जिंकलो, नाहीतर पुन्हा सुरू.

त्यानं बॉल ठेवला. मागं गेला. तेवढ्यात गोलच्या मागं गयाबाई उठून उभी राहिली. हातात हळद ओढायचं लाकडी फावडं.

"ए उंच्या! हळदीत आला तर परत भेटणार न्हाई! आधीच सांगून ठिवते!"

सगळं ग्राउंड हसलं. तो पोरगाही हसला. रेफ्रीनं शिट्टी मारून तिला बसवलं. ती बसली. पण पदर खोचून, त्याच्याकडं बघत बसली.

रेफ्रीनं खूण केली. पोरगा धावत आला. मधेच त्याची नजर वर गेली, हळदीवर. पाय बॉलला लागला, पण जीव लावून लागला नाही. बॉल लोळत लोळत आला. मारोती पुढं वाकला आणि कोकरू धरावं तसा त्यानं बॉल पोटाशी धरला.

मग काय! पोरं मारोतीच्या अंगावर, त्यांच्यावर आणखी पोरं, आणि सगळा ढीग फाटक्या जाळीतून मागच्या हळदीत! उठले तेव्हा सगळे पिवळे. सलीमच्या दाढीला हळद. वाघमारे सर पळत गेले आणि तेही घसरून पडले. गयाबाई फावडं घेऊन ओरडत होती, "मुडद्यांनो, नीट वाळत घातल्याली व्हती की रे!"

ओरडून झाल्यावर तिनं बॉल उचलला आणि बगलेत मारला.

अध्यक्ष हार घेऊन आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं नव्हतं ते. प्राचार्यांना म्हणाले, "टीम चालू राहणार. आणि वाघमारेही!" मग सरांच्या गळ्यात हार घालून मोठ्यानं म्हणाले, "मी शब्दाचा पक्का आहे! पुढच्या हंगामापासून इथं हळद बंद! पूर्ण ग्राउंड तुमचं!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गयाबाई तुडवलेली हळद गोळा करत होती. मारोती आणि सलीम खाली बसून तिला हळकुंडं वेचून देत होते. तिचं फावडं थांबलं. ती वर बघेना.

अध्यक्षांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "आणखी मागा! आज नाही म्हणणार नाही. सांगा वाघमारे, टीमला काय पाहिजे?"

सरांनी गुडघ्यावरचा पिवळा डाग हातानं पुसला. तो निघाला नाही.

"हळद, साहेब," ते म्हणाले.