फुगलेली भिंत

नेपाळहून ख्राइस्टचर्चला परत आलो, त्याच दिवशी बायको माझ्या फोनवरचे फोटो बघत बसली. सात-आठ बघून म्हणाली, "फिरायला गेला होतास की साइट व्हिजिटला?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. काठमांडूजवळच्या जुन्या नेवारी गावांची एक दिवसाची टूर होती. गाइड कोरीव खिडक्या दाखवत होता आणि मी त्यांच्याखालच्या भेगा बघत होतो. इथल्या, ख्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर इंजिनिअर म्हणून पडकी घरं तपासण्यात माझी काही वर्षं गेली. तेव्हापासून विटांच्या भिंतीशेजारी मला उभं राहवत नाही. त्या गावांतही मी दिवसभर रस्त्याच्या मधोमध चालत होतो आणि कधी एकदा निघतोय असं झालं होतं.

दुपारी एका म्हातारीने आम्हाला खायला घरात बोलावलं. तिथल्या भूकंपात तिची पुढची भिंत पोटासारखी फुगली होती, आणि तिला बाहेरून लाकडी टेकू होते. बाकीचे आत गेले. मी गाइडला म्हणालो, मी बाहेरच बरा. मग ती माझ्यासाठी उडदाचं गरम धिरडं घेऊन बाहेर आली आणि त्याच भिंतीला टेकून माझं खाणं होईपर्यंत थांबली.

"तिचा फोटो कुठाय?" बायकोने विचारलं.

नव्हता. मी फोन काढल्यावर तिने पदर सारखा केला होता, फोटोसाठी ताठ उभी राहिली होती. मीच हाताने खूण करून तिला बाजूला केलं. तिच्यामुळे भिंत नीट दिसत नव्हती.