भरल्या वाटीचं इंटरनेट

आमच्या घरातून कुणाची वाटी रिकामी परत जात नाही. या एका नियमापायी माझ्या बायकोची नोकरी लागता लागता राहिली होती.

नियम बायकोचाच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आप्पांच्या घरून आमटीची वाटी आली. मी ती घासून, पुसून, चकचकीत करून परत नेऊन दिली. (मला वाटलं, कौतुक होईल.) सुलोचनानं कपाळावर हात मारला.

"रिकामी दिलीसा? अवं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची! माणसं काय म्हणतील?"

त्या दिवसापासून आजपर्यंत मी निपाणीत कुणाची वाटी रिकामी दिलेली नाही. आणि सांगायला हरकत नाही, घरात कॉम्प्युटरही मीच बघतो. मी होतो सोसायटीत कारकून, आणि तिथला पहिला कॉम्प्युटर मीच चालू केला होता. (बंद दुसऱ्यानं केला. मला बटण सापडलं नाही.)

तर गेल्या वर्षी आमच्या कॉम्प्युटरनं अपडेट मागितला. आमच्या गल्लीतल्या नेटवरून तो इतका सावकाश येत होता की मध्ये माझी दोनदा दाढी वाढली. वैतागून सेटिंगमध्ये शिरलो, तर तिथं एक सोय दिसली. अपडेटचे तुकडे इतर लोकांच्या कॉम्प्युटरवरून घेता येतील आणि आपल्याकडचे तुकडे त्यांना देता येतील! खाली दोन पर्याय होते: फक्त घरातले कॉम्प्युटर, किंवा इंटरनेटवरचे कुठलेही.

माझे डोळे भरून आले. कोण कुठला परका माणूस मला अपडेटची वाटी देतोय, आणि मी ती रिकामी परत करू? पहिला पर्याय मला कंजूषपणाचा वाटला. मी दुसरा निवडला. त्याच्याखाली 'किती द्यायचं' याला मर्यादा घालायचीही सोय होती. मर्यादा? आमच्या घरात? मी ती ओढून पार शंभर टक्क्यांवर नेली आणि समाधानानं चहा प्यायलो.

त्याच आठवड्यात सुलोचनाला बोलावणं आलं. तिचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळं कन्नड आणि मराठी दोन्ही तिच्या तोंडात सारखीच. बेळगावच्या कॅम्पातल्या एका शिकवणीवाल्या बाईंना, महाराष्ट्रातून बदलून आलेल्या बँकवाल्यांना घरबसल्या कन्नड शिकवणारं माणूस हवं होतं. आधी पंधरा मिनिटांचा नमुना धडा घ्यायचा, आवडला तर काम पक्कं. सुलोचनाला लग्नाआधीपासून शिकवायचं होतं. पोरं, सासू-सासरे आणि मी (मुख्यतः मी) यांत ते राहून गेलं होतं. आठ दिवस ती भाकऱ्या थापताना धडा म्हणत होती.

मंगळवारी चार वाजता ती इरकल नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. मी तांत्रिक सल्लागार म्हणून मागं उभा.

"'या' म्हणजे 'बर्री'. 'जेवण झालं का?' म्हणजे 'ऊटा आयत्री?'" तिनं झकास सुरुवात केली.

"बाई, तुमचं काही ऐकूच येईना," पलीकडून शिकवणीवाल्या मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र खणखणीत येत होता. "चेहरा पण थांबलाय तुमचा. तोंड उघडं राहिलंय."

सुलोचना मोठ्यानं बोलली. मग ओरडली. मग मी माइक काढला, फुंकला, परत लावला. मॅडम नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी माझा तोल सुटला आणि मी कॉम्प्युटरवर खेकसलो, "बंद कर ते डबडं! आग लाव त्याला!"

आणि पंधरा मिनिटांत आमच्या घरातून कॅम्पपर्यंत पोहोचलेलं तेवढं एकच वाक्य!

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "शनिवारी चारला परत एकदा बघू या. तेव्हा नाही जमलं, तर दुसऱ्या एक बाई आहेत आमच्याकडं."

सुलोचनानं इरकल घडी करून कपाटात ठेवलं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं. मी गरजलो, "आपलं नेट कोण तरी खातंय! शनिवारच्या आत त्याला धरतो!"

पहिला संशय आप्पांवर. आमचा पासवर्ड त्यांना मीच दिला होता. मी कुंपणापाशी गेलो.

"आप्पा, काय काय बघताय हो नेटवर?"

"मी? सकाळी बाजारभाव, आन् सांच्याला भजन. का रं?"

"भजनाला एवढं नेट लागतंय व्हय?"

आप्पा माझ्याकडं एकवार बघून घरात निघून गेले. मी घरात येऊन पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी आप्पांकडून आमची वाटी परत आली. रिकामी! तीस वर्षांत पहिल्यांदा!

सुलोचनानं ती वाटी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "ही बघा तुमची चौकशी."

शुक्रवारी नेटवाल्याला बोलावलं. त्यानं तपासून सांगितलं, "अण्णा, तुमच्याकडं येतंय ते बरोबर हाय. पर तुमच्या घरातनं काय तरी लई बाहेर चाललंय. म्हणून बाईंचा आवाज जायला वाटच न्हाय."

"चोरी!" मी ओरडलो. शनिवारी दुपारपासून मी गच्चीवर खुर्ची टाकून वायरीवर पहारा दिला. (वायरीतून जाणारी चोरी वरून दिसत नाही, हे मला उन्हात तीन तास बसल्यावर लक्षात आलं.)

साडेतीनला खालून हाक आली. "अवं, खाली या जरा!"

सुलोचना कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिनं एकेक सेटिंग उघडून स्वतः वाचायला सुरुवात केली होती. (हा उपाय मला सुचला नव्हता.) पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. दुसऱ्यांकडून घेतलेलं: दिसेल न दिसेल एवढं. दुसऱ्यांना दिलेलं: पट्टी पार दुसऱ्या टोकाला टेकलेली.

"हे कुणी चालू केलंय?"

"त्याचं काय आहे, लोकांनी आपल्याला दिलं, तर आपण वाटी रिकामी कशी..."

तिनं डोळे मिटले. "वाटीत चिमूटभर साखर घाला म्हटलं होतं मी! तुम्ही पोतं उचलून दिलंसा! आन् त्या आप्पांना चोर ठरवलंसा!"

तिनं एक बटण दाबून ती सोय बंद केली. चार वाजता तिचा आवाज कॅम्पात असा पोहोचला की मॅडम पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तास ऐकत बसल्या. काम तिथंच पक्कं झालं. मी दाराआड उभा होतो, आणि माझा ऊर भरून आला. आत जायला मला मनाई होती.

संध्याकाळी मी खिरीची वाटी आणि नवा पासवर्ड घेऊन आप्पांकडं गेलो. सगळं सांगितलं. आप्पा पोट धरून हसले.

"म्हणजे रं अण्णा, साऱ्या दुनियेला वाटलंस आन् शेजाऱ्याचं बंद केलंस?"

मी खाली मान घालून घरी आलो, तर सुलोचना फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती. मॅडम सोमवारची वेळ ठरवत होत्या. शेवटी त्यांनी जरा चाचरत विचारलं, "आणि बाई, त्या दिवशी ते मागं ओरडत होते, त्यांचा काही त्रास नाही ना होणार?"

"ते व्हय?" सुलोचना शांतपणे म्हणाली, "ते सेटिंग मी बंद केलंय."