पुस्तकावर उगवलेला हात

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. लग्नाआधी गावात कुणाला काय दिसलं, कुणाच्या अंगात काय आलं, असल्या गप्पा सुरू झाल्या की मी कळशी उचलून पाण्याला जायचे. भुतापेक्षा माणसाच्या जिभेची भीती जास्त, असं माझं मत. अजूनही तेच आहे... पण मागच्या वर्षी आमच्या घरात जे झालं ते कशात बसवायचं हे मला कळत नाही, म्हणून लिहिते.

मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायला जमत नाही. सोसायटीच्या मीटिंगलाही मी दाराशी उभी राहते. माझी मुलगी स्नेहल फोनवर लोकांचे असे अनुभव वाचून दाखवते. ती म्हणाली, "आई, तू लिही, मी टाइप करून टाकते." तिच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कोरी पानं उरली होती, त्यांवर लिहिते आहे. तिला द्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

आम्ही मुलुंडला राहतो. पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, झोपड्या पाडून बांधलेली एसआरएची बिल्डिंग, सातवा मजला. एकच खोली, त्यातच ओटा आणि मोरी. खिडकीखाली लोखंडी कॉट, आणि कॉटवर माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आये म्हणतो. मालवणकडच्या. तरुणपणी गिरणीत होत्या, तिथे मशीनमध्ये उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि सगळी उजवी बाजूच गेली. तो हात मी उशीवर ठेवला तर उशीवर, पोटावर ठेवला तर पोटावर. डॉक्टरांनी माझ्यासमोर सुई टोचून बघितली होती, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. जीभ मात्र शाबूत राहिली.

स्नेहल बीएस्सीला, मायक्रोबायोलॉजी. तिसऱ्या वर्षाला तिने कॉलेजच्या बुक बँकेतून एक जाडजूड पुस्तक आणलं. रोगजंतू आणि ते अंगात शिरले की शरीर त्यांच्याशी कसं लढतं, त्याचं. इंग्रजी असल्यामुळे मला फक्त चित्रं कळायची — जांभळ्या काड्या, गुलाबी ठिपक्यांचे घोस. आयेंनी कॉटवरून बघितलं.

"ह्यां काय हाडलंस गो?"

"जंतूंचं पुस्तक आहे, आजी."

"रोगाचा पुस्तक घरात? भायर ठेव. चपलांकडे."

स्नेहल हसली. "चित्रातून रोग होत नाही गं."

"तुका काय म्हाईत? माज्या आजयेन देवीची साथ बघलल्यान. नुसता नाव घेतला तरी दारात येय ती."

आणि मी, घरात भांडण नको म्हणून, ते पुस्तक खरंच बाहेर चपलांच्या रॅकमध्ये ठेवलं. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून डोळ्यांना लावतो. मी माझ्या पोरीचं पुस्तक वर्षभर चपलांत ठेवलं. आत आणायचं तर आधी धुपावर धरायचं, हा आयेंचा नियम. तोही पाळला. स्नेहल जिन्यात बसून अभ्यास करायची. येणारे-जाणारे तिच्या अंगावरून जायचे.

त्या पुस्तकाच्याच विषयात ती नापास झाली, केटी लागली. इम्युनॉलॉजी.

तिचे बाबा टेम्पो चालवतात. वाईट नाहीत, पण आयेंपुढे त्यांचं काही चालत नाही. आयेंनी कणकवलीचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. जेवता जेवता हे म्हणाले, "ही शेवटची परीक्षा. सुटली तर तुझं तू बघ. नाही सुटली तर मे महिन्यात लग्न. मला परत परत बोलायला लावू नका."

त्या दिवशी मी पुस्तक आत आणलं. पुसलं, खाकी कव्हर घातलं आणि कपाटाच्या वर ठेवलं, जिथे पोचायला मलाच स्टूल लागतं. आये बघत होत्या.

"माजो हात चलत असतो तर उभा फाडलंय असतंय."

मी स्टूल जागेवर ठेवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांना कधी उलटून बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलने पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "आई, तू ओला हात लावलास का गं?" पानावर बुरशी आली होती. राखाडी, भाकरीवर येते तशी. पण ती पसरलेली नव्हती — तळवा आणि बोटं, स्पष्ट हाताचा आकार. मला तेव्हा भीती वाटली नाही. चपलांच्या रॅकमध्ये दमट होतं, माझीच चूक, असं वाटलं. स्नेहलने मोबाइलवर फोटो दाखवला. कॉलेजात त्या एका प्लेटमधल्या जेलीवर हात दाबतात, दोन दिवसांनी जंतूंचा हात उगवून येतो. "तसंच झालंय," ती म्हणाली. मग तिचं बोट पानावर थांबलं. मीही तेव्हाच बघितलं.

पहिलं बोट अर्धंच होतं.

मी रोज दुपारी आयेंच्या हाताला तेल लावते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. त्या दुपारी मी वर्तमानपत्राचा कागद घेतला, त्यावर त्यांचा हात ठेवला आणि पेन्सिलने कडेने रेघ मारली.

"मापां कसली घेतंस? बांगडी करतलंस माका?" आये म्हणाल्या. अर्ध्या तोंडाने हसल्या.

कागद पानावर ठेवला. केसाएवढाही फरक नव्हता.

पुसलं तर बुरशीबरोबर छापलेली अक्षरंही निघून यायची. दुसऱ्या दिवशी पुढच्या पानावर हात, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. जे पान स्नेहल वाचायला घेणार, त्यावरच. बाकीची न वाचलेली सगळी स्वच्छ. तिने मैत्रिणीकडून त्या धड्यांची झेरॉक्स आणली. दोन दिवसांत झेरॉक्सवर हात. मैत्रीण म्हणाली, "तुमच्या घरात प्रॉब्लेम आहे यार, माझी वही नको मागूस." फोनवर वाचायला गेली तर तिच्या फोनची काच तडकलेली, बारीक अक्षरं दिसायची नाहीत.

स्नेहल माझ्यासारखी नाही, ती शोध घेणारी आहे. तिने कापसाच्या काडीने त्या हातावरचं थोडं घेतलं आणि कॉलेजात प्लेटवर लावलं. दोन दिवस, चार दिवस... काहीच उगवलं नाही. तिच्या मॅडम म्हणाल्या, "नीट घेतलं नसशील." परत घेतलं. परत प्लेट स्वच्छ. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अगं, रस्त्यावरची धूळ लावली तरी काहीतरी उगवतं. डोळ्यांना दिसतंय आणि प्लेटवर शून्य, असं कसं होईल?"

परीक्षेला सहा दिवस राहिले. मी मोरीत बांगडे साफ करत होते. स्नेहल पुस्तक जमिनीवर पुढ्यात उघडं ठेवून नुसती बसली होती, पानावर तोच हात. मग अगदी शांत आवाजात म्हणाली, "आई, जाऊ दे. बाबांना सांग, कणकवलीचं चालेल."

"आता शाणी झाली," आये कॉटवरून म्हणाल्या.

पुढचं मी कसं केलं ते मला सांगता येणार नाही. मी उठले. स्नेहल मला नेहमी बजावायची, पुस्तकाला हात लावण्याआधी साबणाने धू. मी धुतला नाही. माशाचं रक्त आणि खवले होते तसाच उजवा हात नेऊन त्या पानावर ठेवला. त्या बुरशीच्या हातावर बरोबर माझा हात, आणि अंगातलं सगळं वजन त्यावर टाकलं. पान गार होतं, मोरीच्या फरशीसारखं.

आये ओरडल्या. "हात काढ गो. दुखता माका."

मी वळून बघितलं. त्यांचा उजवा हात चादरीवर होता, मी सकाळी ठेवला तसाच. पण आयेंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तीन वर्षं ज्या हाताला सुई कळली नाही, तो हात.

"काढ म्हणतंय मा. मोडतलो."

"आये, आता पुरे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "परीक्षा होईपर्यंत पुरे."

"आई, सोड, तिला खरंच दुखतंय," स्नेहल म्हणाली. मी सोडला नाही. आये मला शिव्या देत होत्या, माझ्या माहेराला, माझ्या आईला, सगळ्या बावीस वर्षांच्या एकदम. नंतर शिव्या संपल्या, नुसतं कण्हणं राहिलं. आणि मला दया आली नाही, हे मला लिहिलं पाहिजे. ओट्यावरचा कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबला, तोवर माझा हात तिथेच होता.

त्यानंतर नवीन पानावर हात आला नाही. स्नेहलने सहा दिवसांत जेवढं झालं तेवढं वाचलं. विषय सुटला. ह्यांनी कणकवलीला फोन करून सांगितलं की मुलगी पुढे शिकतेय. आये भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या.

पुस्तक बुक बँकेने परत घेतलं नाही, खराब झालं म्हणून. ते आमच्याकडेच आहे. मी हात दाबला होता त्या पानावर चार दिवसांनीच दुसरा हात उगवला होता — पिवळट, पाच बोटं पूर्ण, पहिल्या हाताच्या बरोबर वर. स्नेहलने त्याचंही घेऊन प्लेटवर लावलं. प्लेट भरून गेली. मॅडम हसून म्हणाल्या, "आईला सांग, मासे कापल्यावर हात धुवा." वरच्या हाताचं कारण त्यांनी लगेच सांगितलं. खालच्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी रोज दुपारी आयेंना तेल लावते. हाताला जोर लागला की विचारते, "दुखतं का?" हात पूर्वीसारखाच पडलेला असतो. पण हल्ली त्या माझ्याकडे बघतात ते माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे बघतात.

स्नेहल म्हणते ते पान फाडून टाकूया. मी नाही म्हटलं. पुस्तक मिटून कपाटावर ठेवलंय. वरचा हात माझा आहे, आणि तो मी अजून काढलेला नाही.