काकूचं तेवढंच

टीव्हीखालचा तांबडा दिवा दिसला की मला कर्नाटक सीमेवरच्या कमलनगरजवळच्या आमच्या घराचं अंगण आठवतं. बोलींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी बाजेवर रेकॉर्डर ठेवला, त्याचा तांबडा दिवा लागला आणि काका ताठ बसले. कुणी भाषा विचारली की त्यांना सीमेचा वाद आठवायचा. "आमच्या घरात फक्त मराठी बोलली जाते," त्यांनी बातम्या वाचल्यासारखं सांगितलं. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या काकूचं माहेर कन्नड. तिनं मान खाली घातली. तेवढ्यात काकूच्या माहेरून आणलेली म्हैस दावं तोडून कडब्यात शिरली आणि काका हात पसरून कन्नडमध्येच 'ये, इकडे ये' म्हणत धावले, "बा, इल्ली बा!" म्हशीला दुसरी भाषा कळतच नव्हती. म्हैस बांधून ते परतले तेव्हा कपाळावरची शीर ताठली होती. "ते पुसा," ते बाईंना म्हणाले. "पुसायलाव का न्हाई?" बाईंनी काकूकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाली, "त्यात माझं तेवढंच हाय." बाईंनी काही पुसलं नाही. पण त्या दिवसानंतर म्हशीला त्यांनी कधी हाक मारली नाही, काकूलाच पाठवायचे. आज टीव्ही बंद केल्यावरही तो दिवा जळत राहतो आणि मी बोलताना नकळत आवाज खाली आणते.