स्लो सायकलची चार मिनिटं

टर्बो हे नाव त्याला शाळेत पडलं आणि पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. जेवण पाच मिनिटांत, अंघोळ तीन मिनिटांत, आणि लग्नाला होकार तर मुलीने स्वतःचं नाव सांगायच्या आत. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने मशीन मंद चालतंय म्हटलं की कुणी आपल्यालाच मंद म्हटल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

बाप नेमका उलटा. कारखान्यात फिटर होता आणि तिथल्या खेळांत दर वर्षी स्लो सायकलच्या शर्यतीत पहिला यायचा. या शर्यतीत जो सगळ्यांत शेवटी पोचतो तो जिंकतो. पाय टेकला की बाद. बाप जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्याचं हलतं चित्र जगात एकच उरलं होतं, त्या शर्यतीची चार मिनिटांची कॅसेट. बुरशी लागलेली आणि आवाज गेलेली.

आईचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याच्या आत रक्त झिरपायला लागलं होतं. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, "नंतर किती दिसेल ते सांगता येत नाही. जे बघायचं ते आधी बघून घ्या." आईने मागून मागितलं काय, तर एवढंच. "ह्यांना एकदा सायकलवर बघायचंय."

शनिवारी सकाळी टर्बोने कॅसेट मशीनमध्ये उतरवली आणि त्याचं तोंडच उतरलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. सायकलवर माणूस आहे की पोतं, तेही धड कळेना.

"आहे तसं लाव," आई म्हणाली. "मला अजून दिसतंय."

"असलं काय दाखवू तुला? थांब, साफ करतो. बाबांच्या शर्टाची बटणं मोजशील."

साफ करणारा प्रोग्राम त्याच्याकडे होता. पण चार मिनिटांची सहा हजार चित्रं, आणि एकेका चित्राला शंभर सेकंद. म्हणजे सात दिवस. हातात होते सहा. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. टर्बोने प्रोसेसरला कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं ठरवलं. साडेतीन गिगाहर्ट्झच्या जागी साडेचार. मग काम साडेपाच दिवसांत उरकलं असतं.

पळवायला काय, कुणीही पळवतं. पळवलेलं टिकवणं कठीण. दुपारी निळा पडदा येऊन मशीन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. एवढ्या वेगाला वीज कमी पडत होती. त्याने व्होल्टेज वाढवलं, तर मशीन टिकलं पण तापलं. सत्त्याण्णव अंश. रविवारी प्रोसेसरवरचा कूलर उतरवून त्याखालची, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळलेली पेस्ट खरवडली, वाटाण्याएवढी नवी लावली, कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं. तरी ब्याण्णव. मग त्याने आईच्या खोलीतला टेबलफॅन उचलून आणला. आई वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत बसली.

"अति घाई संकटात नेई," बायको म्हणाली. "अहो, आई मघापासून हाका मारतायत. तुम्ही ते आकडे बघत बसा."

"आलोच," तो म्हणाला. गेला नाही.

सोमवारचा दिवस मशीन एकदाही अडखळलं नाही. खबरदारी म्हणून व्होल्टेज त्याने आणखी थोडं वाढवून ठेवलं होतं. स्वतःवर खूश होऊन संध्याकाळी दिवसभरात झालेली चित्रं मोजली, तर ठरल्याच्या निम्मीही नाहीत. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो, हे टर्बो गिऱ्हाइकांना रोज ऐकवायचा. त्याचं पळवलेलं मशीन दिवसभर न पळवलेल्यापेक्षाही हळू चाललं होतं. आगीतून फुफाट्यात! तो तिथेच जमिनीवर बसला आणि त्याला रडू फुटलं.

व्होल्टेज उतरवलं, वेग जरासा कमी केला. आता मशीन सत्त्याऐंशीवर स्थिर राहिलं, पण शेवटच्या मिनिटाची चित्रं वेळेत होणार नव्हती. तीन मिनिटं तर होतील, असं तो घोकत राहिला. त्याची नजर आकड्यावरून हलेना. घास तोंडात ठेवून तो चावायचा विसरायचा.

बुधवारी आई भिंतीला धरून दुकानाच्या दारात आली. "झालं का रे?"

"आज नाही. उद्या संध्याकाळी, नक्की."

"आज सगळं लालसर दिसतंय. आहे तसं लाव ना."

"आई, आता मध्येच थांबवलं तर एवढं केलेलं फुकट जाईल. एक दिवस फक्त."

"बरं," आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी नवाच्या सुमारास आतून तिची हाक आली. "अरे, लाईट गेले का?"

खिडकीतून ऊन थेट तिच्या मांडीवर पडलं होतं.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, डोळ्यात सगळीकडे रक्त पसरलंय. ऑपरेशन उद्या करूच, पण आशा लावून बसू नका. बायकोने न विचारता टेबलफॅन उचलला आणि आईच्या खोलीत नेऊन लावला. टर्बोने अडवलं नाही. मशीनचं काय व्हायचं ते होवो.

संध्याकाळी आईनेच विचारलं, "झालं का ते?"

"तीन मिनिटांचं झालंय. पण आई..."

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." ती हसायला गेली, पण ते हसू काही जमलं नाही. "लाव. तू बघ आणि मला सांग."

त्याने तिला पडद्यासमोर बसवलं. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. सहा दिवस हे चित्र डोळ्यांसमोर होतं आणि बापाकडे त्याने एकदाही धड बघितलं नव्हतं. शनिवारीच लावलं असतं तर? चारच तर मिनिटं होती. ते पोतं आईने नक्की ओळखलं असतं.

"बाबा सायकलवर बसले," तो म्हणाला. "शिट्टी झाली. बाकीचे पुढे गेले. एकाचा पाय टेकला. बाबा..."

"हळू सांग रे," आई म्हणाली. "सगळं एकदम नको संपवूस."

त्याने मग हँडल कसं थरथरतंय ते सांगितलं. बाबांनी जीभ दातांत धरलीय ते सांगितलं. वरचं एक बटण तुटलंय तेही सांगितलं. बोलता बोलता तीन मिनिटं झाली आणि पडदा काळा पडला. आईला ते कळायचा प्रश्नच नव्हता.

"आता?"

"आता एकटे बाबाच उरलेत. जागेवर उभे आहेत नुसते."

"पोचले का?"

"नाही," काळ्या पडद्याकडे बघत टर्बो म्हणाला. "नाही आई, अजून नाही."