शहनाझचं लायसन्स

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मनोरमा शेडगे बायकांना गाडी शिकवतात. मूळच्या साताऱ्याकडच्या. वडील फौजेत होते, काका होते, धाकटा भाऊ अंकुर अजून आहे. लग्न होऊन दुबईला आल्या तेव्हा त्यांना सायकलही धड येत नव्हती. नवरा संजय ऑडिटच्या नोकरीत बुडालेला. टॅक्सीची वाट बघत उन्हात उभं राहायचा कंटाळा आला म्हणून लायसन्स काढलं, आणि ते इतकं आवडलं की पुढे शिकवायचंच काम धरलं. आता आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या निम्म्या बायका त्यांचा ओरडा खाऊन गाडी चालवायला लागल्या आहेत. मीही त्यातलीच.

२०२५च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे शहनाझ आली. पाकिस्तानातल्या सियालकोटची, राहायला दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटीत. घरी केक करून विकायची. टॅक्सीतून पोचवताना केक एका बाजूला कलंडायचा आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं, म्हणून तिला स्वतःची गाडी हवी होती. हात चांगला होता, नजर चांगली होती. अडचण एकच, राउंडअबाउटपाशी ती सगळ्यांना वाट द्यायची.

"अहो जा ना आता! यल्ला!" मनोरमाताई ओरडायच्या. गडबडीत मराठी आणि अरबी एकत्रच निघायचं.

"बाजी, उस बेचारे को जल्दी है, जाने दें." ती त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणायची.

"सबको जल्दी है! आपको नहीं है क्या?"

याच भलेपणापायी ती टेस्टमध्ये दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा दोघी गाडीत बसून आधी हळहळल्या आणि मग पोट धरून हसल्या.

मे महिन्यात भारत-पाकिस्तानची लढाई पेटली. अंकुरचं पोस्टिंग जम्मूकडे होतं आणि त्याचा फोन लागेना. शहनाझची अम्मी सियालकोटजवळच्या गावात एकटी होती. नकाशावर पाहिलं तर दोन्ही ठिकाणं एकमेकांच्या अंगणात. मनोरमाताईंनी स्टेटसला भावाचा वर्दीतला फोटो टाकला. शहनाझनं आपला झेंडा टाकला. दोघींनी एकमेकींचं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी क्लास होता. लाल सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शहनाझ समोर बघतच म्हणाली, "अम्मी पूछ रही थीं, कहाँ जाकर छुपूँ. आपके भाई से पूछकर बता दीजिए."

मनोरमाताईंचं डोकं फिरलं. "और आपके ड्रोन क्या फूल बरसा रहे हैं? मेरे भाई का फोन बंद है, पता है आपको?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. शहनाझनं गाडी थेट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आणून लावली. संध्याकाळी काउंटरवरून कळलं की शहनाझनं शिकवणारी बदलून घेतली आहे. मनोरमाताई घरी आल्या आणि भांडी इतक्या जोरात घासायला लागल्या की मला वर ऐकू आलं.

मग शस्त्रसंधी झाली. अंकुरचा फोन आला तो असा: "आक्का, आंघोळ केली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!" त्या रडल्या, हसल्या, आम्हां सगळ्यांना शिरा खाऊ घातला. शिरा खाताखाताच त्यांचा हात थांबला.

"तिच्या आईचं काय झालं असेल?"

"तुला काय करायचंय? तिनंच बाई बदलली ना?" संजय म्हणाला.

"मम्मा, जस्ट कॉल हर," अस्मी, त्यांची लेक, मोबाईलमधून मान न काढता म्हणाली.

त्यांनी फोन लावला. पलीकडून कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा उचलला.

"अम्मी कैसी हैं?" मनोरमाताईंनी विचारलं.

मग शहनाझ म्हणाली, "घर लौट आईं. खिड़कियाँ टूट गईं, भैंस ठीक है." आणि लगेच, "भाई?"

"नहा लिया."

"जी?"

"नहा लिया, बोल रही हूँ! इतने दिन नहाया नहीं था!"

पलीकडून हसू फुटलं आणि त्याचं लगेच रडं झालं. आमच्याकडेही तेच चाललं होतं. संजय शिऱ्याची वाटी घेऊन बाल्कनीत निघून गेला.

म्हणून सगळं लगेच पहिल्यासारखं झालं असं नाही. शहनाझ परत मनोरमाताईंकडे आली, पण पहिल्या क्लासला दोघी परक्यासारख्या वागल्या. "प्लीज लेफ्ट." "जी." दुसऱ्या क्लासला मनोरमाताईंनी गाडी एका कॅफेटेरियासमोर लावायला सांगितली आणि दोन कडक चहा मागवले. मग चहा गार होईस्तोवर दोघी भांडल्या. सुरुवात कुणी केली, चूक कुणाची, कुणाचं टीव्ही चॅनल जास्त खोटं. एकीनंही हार मानली नाही. चॅनल दोन्हीकडचे खोटेच, यावर मात्र दोघींचं एकमत झालं. शेवटी शहनाझ म्हणाली, "वो सिग्नल वाली बात ग़लत थी. आपके भाई का नाम नहीं लेना चाहिए था."

"मैंने भी फूल वाला बोला. नहीं बोलना था," मनोरमाताई म्हणाल्या. "चला. गाडी काढा. मिरर!"

ऑगस्टमध्ये शहनाझ पास झाली. राउंडअबाउटमध्ये ती अशी घुसली की परीक्षक बाईंनीच दार पकडलं म्हणे. त्या दिवशीचा केक आमच्या दोन्ही मजल्यांना पुरला.

नोव्हेंबरात तिची अम्मी व्हिजिट व्हिसावर आली. तिला आणायला एअरपोर्टला जाताना शहनाझनं मनोरमाताईंना शेजारी बसवून नेलं. पहिलीच एवढी लांब फेरी, धीर होत नव्हता. अम्मी म्हणजे काठीसारखी बारीक, बोलकी म्हातारी. तिनं मनोरमाताईंचा हात हातात घेतला आणि विचारलं, "वो फ़ौजी भाई वाली यही है?"

मनोरमाताईंनीच उत्तर दिलं, "जी, अम्मी."

"शादी हुई उसकी?"

"नहीं अभी."

"तो करवाओ! इतना बड़ा हो गया, नहाने की ख़बर बहन को देता है!"

पार्किंगमध्ये तिघी इतक्या हसल्या की शहनाझला तिकीट कुठे ठेवलं ते सापडेना.

शुक्रवारी अम्मीला अल ममझरच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. मीही गेले, अस्मीही. सत्तरी ओलांडली तरी तिनं समुद्र पाहिला नव्हता. सलवार वर खोचून ती लाटेत उभी राहिली, ती बाहेर यायलाच तयार नाही. मनोरमाताई साडी सावरत तिला धरायला गेल्या आणि एका लाटेनं दोघींना खाली बसवलं.

"ओ माय गॉड, मम्मा!" अस्मी फोटो काढत धावली.

"अगं फोटो नंतर, हात दे!" मनोरमाताई ओरडल्या.

अम्मी मात्र आरामात मांडी घालून बसली होती. पुढची लाट येताना दिसली तशी तिनं मनोरमाताईंचा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "बैठी रह बेटी, एक और आने दे."