गोठ्यामागचा आघाडा

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही आमच्या मोताळ्याचे नाही, म्हणून असेल.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. मी बुलढाणा शहरात वाढलेली. नरकचतुर्दशीच्या आंघोळीला अंगावरून फिरवायचा आघाडा आई बाजारातून आणायची. जमिनीत उगवलेला मी कधी पाहिलेलाच नव्हता. सासरी गोठ्यामागे कसलंसं तण माजलं होतं, येता-जाता त्याचं बी साडीला चिकटायचं. वैताग नुसता! आदल्या दिवशी विळा घेतला, सगळं कापलं अन् पेटवून दिलं.

"अवं वहिनी, तोच तं आघाडा होता!" माझी नणंद, वंदा, पोट धरून हसली. सासूबाईंनी तो मुद्दाम राखला होता. माझं तोंड पाहून तिचं हसू थांबलं. "भिऊ नका. मी नाल्यावरून आणतो. आईले नाही सांगत."

आणलाही तिने. ओढणीभर बी चिकटलेलं. मी तिच्या हातातून फांदी घेतली आणि सासूबाईंना सांगितलं — गोठ्यामागून मीच तोडली.

संध्याकाळी सासरे तणतणत घरी आले. वंदा नाल्यावर कॉलेजातल्या एका पोराशी बोलताना कुणाला तरी दिसली होती. तो जाता-जाता थांबला होता, एवढंच हो. "वहिनीसाठी आघाडा आणाले गेलती," ती म्हणाली, ओढणी पुढे केली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खरं बोलले असते तर काय झालं असतं? सासूबाईंची चार बोलणी. बस्स. तेवढ्याला भ्याले मी! आणि कसल्या ठाम आवाजात म्हटलं — "आघाडा तं आपल्या गोठ्यामागंच हाये. नाल्यावर कशाले पाठवीन मी हिले?"

गोठ्यामागे जाऊन कुणी बघितलं नाही. वंदा माझ्याकडे बघत राहिली. खरं काय ते का नाही सांगितलं तिने? का नाही ओरडली माझ्यावर?

तिला नर्स व्हायचं होतं. कॉलेज त्याच दिवशी सुटलं. तुळशीचं लग्न लागलं, अन् पहिल्याच मुहूर्तावर तिला धाड गावातल्या एका घरात दिली. नवरा मारतो. माहेरी आली की मला तिच्या दंडाकडे बघवत नाही — काय करू मी? कुठे जाऊ?

परवा तिचा फोन आला. तिच्या मुलीची शाळा दहावीनंतर बंद करताहेत. "वहिनी, तुम्ही या. इथल्या लोकायले समजवा. तुमचं बोलणं सारेच खरं मानतात."

येते म्हटलं मी. अजून गेलेले नाही.